अर्धी फुगडी

दोन जड केंद्रकं एकमेकांवर आदळली की काय होतं, हे मी शिरूरच्या कॉलेजात गेली दहाएक वर्षं फुगडीवरून शिकवतो. दोन मुलींना पुढं बोलावतो, हातात हात गुंफायला लावतो आणि म्हणतो, घ्या गिरकी. मागच्या बाकावरची पोरं शिट्ट्या मारतात. मी खडू फेकून मारतो. नेम चांगला आहे माझा, त्यामुळं दुसरी शिट्टी सहसा येत नाही.

मग मी सांगतो, "ही दाराकडून धावत आली, ती इथं उभी होती. हात धरले, अर्धी गिरकी झाली आणि हात सुटले. कोण कुणीकडं फेकली गेली ते बघून मला सांगता येईल, दोघी किती वेळ फिरल्या आणि कोण कुठून आली होती. पण दहा-बारा गिरक्या झाल्या आणि मग हात सुटले तर? मग काही सांगता येणार नाही. त्या कुठंही पडतील." एवढं कळलं की निम्मा धडा झाला. उरलेला निम्मा मला स्वतःला कळायला फार उशीर झाला, आणि तोवर आमच्या घरातलं पोर गेलं होतं.

आधी विज्ञान सांगून टाकतो, कारण मी जे केलं ते त्याच्याच आडून केलं.

अणूच्या पोटात केंद्रक असतं, प्रोटॉन आणि न्यूट्रॉन यांचा घट्ट गोळा. प्रोटॉनवर धन विद्युतभार असतो, म्हणून दोन केंद्रकं एकमेकांना दूर लोटतात. जबर वेगानं एक दुसऱ्यावर मारलं तरच ती भिडतात. भिडल्यावर मात्र वेगळंच एक बल त्यांना धरून ठेवतं, जे अंगाला अंग लागल्याशिवाय कामाला येत नाही. पुस्तकात इथं 'संमीलन' असा शब्द लिहून पान उलटतात. पण जड केंद्रकांचं तसं नसतं. शिवलं म्हणजे जमलं असं नव्हे. चिकटलेली जोडी गरगर फिरू लागते, इकडचे काही कण तिकडं जातात, तिकडचे इकडं येतात, आणि पुष्कळदा पुरती एक व्हायच्या आतच ती जोडी फुटते. याला मराठीत रुळलेला शब्द नाही. मी वर्गात 'कच्चं विखंडन' म्हणतो.

दिल्लीच्या एका प्रयोगशाळेत माझी तरुणपणाची काही वर्षं या कच्च्या विखंडनात गेली. कागदाहून पातळ धातूच्या पत्र्यावर केंद्रकांचा झोत मारायचा, दोन बाजूंना दोन डिटेक्टर लावायचे आणि फुटलेले दोन्ही तुकडे एकाच वेळी पकडायचे. कुठल्या दिशेला उडाले, किती वेगानं उडाले, एवढ्यावरून त्यांचं वजन काढायचं आणि ते किती काळ एकमेकांना धरून होते ते ठरवायचं. तो काळ इतका लहान असतो की पापणी लवण्याची गोष्ट तिथं बोलूच नये.

आणि जे खरोखर एक होतात, त्यांचं निराळं. तो नवा गोळा तापलेला असतो. दोन-चार न्यूट्रॉन फेकून तो जरा निवतो, नाहीतर तोही फुटतोच. पण फुटला तरी त्याच्या तुकड्यांवर मूळची खूण नसते. आपण कशापासून झालो हे तो विसरलेला असतो. कच्च्या जोडीचे तुकडे मात्र आपलं मूळ बरोबर घेऊन बाहेर पडतात. जे विसरलं ते एक झालं, ज्याला आठवतं ते फुटलं, असं मी प्रबंधाच्या मुलाखतीत म्हणालो होतो. परीक्षक खूष झाले. तेव्हापासून ते वाक्य माझ्या डोक्यात गेलं ते गेलंच.

माझ्या बायकोची धाकटी बहीण दौंडला दिली होती. साडू रेल्वेत, मालगाडीवर. आज मनमाड, उद्या सोलापूर, घरी कधी येईल त्याचा नेम नाही. लग्नाला तीन वर्षं झाली आणि माझी मेहुणी काविळीनं गेली. आठ दिवसांत सगळं आटोपलं. मागं चौदा महिन्यांची पोर.

तेराव्याला माझ्या सासूबाईंनी ती पोर उचलली आणि माझ्या बायकोच्या पदरात ठेवली. "घे, तुझ्या ओटीत घातली," म्हणाल्या. आमच्या लग्नाला अकरा वर्षं झाली होती आणि आम्हाला मूल नव्हतं. साडू दाराची चौकट धरून उभा होता. तो एवढंच म्हणाला, "माझी ड्युटी ही अशी. ताई, तुमीच बघा आता तिचं." कागद झाला नाही, दत्तकविधान झालं नाही. मेहुणीच्या तेराव्याला कागदाचं कोण बोलणार? एसटीनं पाटस, चौफुला, न्हावरे करत आम्ही तिला शिरूरला आणली. भीमेच्या पुलापर्यंत ती रडत होती, पुलानंतर झोपली. घरी आल्यावरही बायकोनं तिला खाली ठेवली नाही. उभ्या उभ्याच मला म्हणाली, "आवाज करू नगा."

पोर आम्हाला चिकटली. दुसरा शब्द नाही. भौतिकशास्त्रात असं आहे की दोन केंद्रकं बरोबरीची असली तर एक होणं अवघड जातं, पण एक लहान आणि दुसरं मोठं असलं तर लहान मोठ्यात पटकन मुरतं. मी हे बायकोला हौसेनं समजावून सांगितलं. ती पोरीला मऊभात भरवत होती. म्हणाली, "तुमच्या त्या गोळ्यांना आई नसती."

मी हसण्यावारी नेलं. ऐकायला हवं होतं.

दोन वर्षांची असताना ती माझ्या बायकोला 'आई' म्हणाली. बायकोचे डोळे भरून आले, पण ती लगेच म्हणाली, "मावशी म्हण गं, बाळा." मी आतून ओरडलो, "म्हणू दे! कशाला मोडता घालतेस?" त्याच दिवशी मी मेहुणीचा भिंतीवरचा फोटो काढला, वर्तमानपत्रात गुंडाळला आणि गोधड्यांच्या लोखंडी पेटीत तळाला घातला. बायको म्हणाली, "अवो, माझी बहीण हाय ती." मी म्हणालो, "पोरीला एकदा पुरती आपली होऊ दे, मग लाव हवा तर." वर्गात प्रश्न विचारलेला मला फार आवडतो. घरात आवडत नाही, हा माझा स्वभाव.

साडूला आठवड्याची सुट्टी मिळाली की तो यायचा. पेरू आणायचा, पोरीला खांद्यावर घेऊन घोडनदीच्या पुलापर्यंत हिंडवून आणायचा. तिनं आपल्या मनाशी सगळं नीट बसवून घेतलं होतं. बालवाडीच्या बाईंनी विचारलं तर सांगायची, "पप्पा गाडीवर असत्यात, आई शिरूरला असती आन् काका कॉलेजात ओरडत असत्यात." यात तिला कुठं काही खटकत नव्हतं. एकदा साडूनं मला बाजूला घेऊन विचारलं, "दादा, तिला सांगायचं कवा?" मी म्हणालो, "आधी पुरतं विसरू दे." तो जरा वेळ पायानं माती उकरत राहिला. "तुमी शिकलेली मान्सं," म्हणाला. एखादी गोष्ट पटली नाही की आमच्याकडं माणूस हे वाक्य बोलतो. पण मी ते कौतुक समजून खिशात घातलं.

ती वर्षं सुखाची होती, हे लिहायला हवं. पुढं जे झालं त्यानं ती खोटी होत नाहीत. नागपंचमीला दोघी मागच्या अंगणात फुगडी खेळल्या. बायको चाळिशीची, पोर पाच वर्षांची. बायकोला तिच्या उंचीसाठी वाकून फिरावं लागत होतं. हात सुटले आणि पोर कोथिंबिरीच्या वाफ्यात जाऊन पडली. मी धावलो. ती मातीनं भरलेलं तोंड वर करून म्हणाली, "परत!" वर्गातलं उदाहरण मला तिथंच सुचलं. सुचलं म्हणून मी किती खूष झालो होतो!

त्यानंतरच्या उन्हाळ्यात केंदूरला जत्रेला गेलो. केंदूर माझं गाव. चुलतभावाच्या घरी जेवणं उरकून बायामाणसं ओट्यावर बसली होती आणि माझी बायको पोरीची वेणी घालत होती. केसांत अबोलीची फुलं, प्रत्येक पेडागणिक एक. माझी म्हातारी चुलती ते बघत होती. म्हणाली, "पोटच्या पोरीचंबी कुणी इतकं करीत न्हाई गं."

मला ते ऐकून आनंद झाला. छाती फुगली. चार लोक ऐकतील अशा आवाजात मी म्हणालो, "माय मरो आन् मावशी जगो, असं म्हणत्यात ते काय उगीच? बघा की हे!"

उचलली जीभ, लावली टाळ्याला. ही म्हण आमच्याकडं कुणीही कुठंही बोलतं. कुणाच्या मावशीनं दिवाळीला फ्रॉक आणला तरी बोलतं. म्हणीचा पहिला अर्धा भाग कुणाच्या कानात शिरतच नाही, नुसतं मावशीचं कौतुक तेवढं ऐकू येतं. आमच्या घरात तो पहिला अर्धा भाग खरा झालेला होता. बायकोचे हात वेणीतच थांबले. पोर मान वाकवून बसली होती, ती तशीच बसून राहिली. मला वाटलं, तिला काही कळलं नाही.

तिला कळलं नव्हतंच. ते कळवण्याचं काम माझ्या चुलतभावाच्या चौथीतल्या मुलीनं केलं. खेळता खेळता तिनं सांगून टाकलं की ही तुझी आई न्हाई, ही मावशी, तुझी आई मेली, समद्यांना ठावं हाय.

परतताना मोटरसायकलवर ती आमच्या दोघांच्या मध्ये बसली होती. एरवी माझा शर्ट मागून घट्ट धरायची, त्या दिवशी धरला नव्हता. पाबळला पेट्रोल भरायला थांबलो. उन्हं कलली होती, पंपावर ट्रॅक्टरची रांग होती. ती खाली उतरली, माझ्या बायकोसमोर जाऊन उभी राहिली आणि तिनं विचारलं, "तू जगावं म्हणून माझी आई मेली व्हय गं?"

बायको पंपाच्या फरशीवर मटकन बसली. आणि मी, एवढा शिकलेला माणूस, काय केलं? मी पोरीवर ओरडलो. "असलं बोलायचं न्हाई! कुणी शिकवलं तुला?" शिकवलं मीच होतं. साडेसहा वर्षांच्या पोरीनं माझ्याकडं एकदा बघितलं आणि मान खाली घातली. माझ्या आयुष्यात मी पुष्कळ मुलांवर ओरडलोय, त्यांतलं एकही तोंड मला आता आठवत नाही. हे आठवतं.

घरी आल्यावर बायकोनं काही न बोलता पेटी उघडली, गोधड्या बाहेर काढल्या आणि फोटो पोरीच्या हातात दिला. "ही तुझी आई. माझी धाकटी बहीण." पोरीनं वर्तमानपत्राच्या घड्या सरळ केल्या, फोटो बराच वेळ बघितला आणि मग विचारलं, "हिला पेटीत कुणी घातली?"

मी तिथंच उभा होतो. बायकोनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. म्हणाली, "मीच."

मी बोलायला हवं होतं. 'मी घातली' एवढे दोन शब्द. ते तोंडातून निघाले नाहीत. आधी वाटलं, आत्ता नको, पोर घाबरलीय. मग वाटलं, उद्या सांगू. उद्या उजाडला आणि पोरीनं माझ्या बायकोला हाक मारली, "मावशी, माझा युनिफॉर्म कुठंय?" अगदी नीट, स्पष्ट. बायकोनं युनिफॉर्म दिला. त्यानंतर पोरीनं तिला वेणी घालू दिली नाही. आठवडाभर केस पिंजारून शाळेत गेली, शेवटी बॉबकट करून आणला. माझ्याशी ती पूर्वीसारखीच वागत होती, रागावली होती ती फक्त हिच्यावर. दोष माझा आणि शिक्षा हिला, हे मी रोज जेवायला बसलो की बघत होतो. आणि जेवत होतो.

त्या थंडीत साडूनं दुसरं लग्न केलं. करायलाच हवं होतं, बत्तिशीचा माणूस. नव्या बायकोला घेऊन तो पोरीला भेटवायला आला. बाई दौंडकडच्याच एका खेड्यातली, बारावी शिकलेली, अंगानं काटकुळी, बोलायला कमी. तिनं आल्या आल्या माझ्या बायकोला वाकून नमस्कार केला. मग पोरीपुढं वाकली, तेव्हा तिच्या गळ्यातल्या मण्यांतून एक लहानसा चांदीचा टाक बाहेर लोंबला.

हा सवतीचा टाक. पहिली बायको वारली आणि माणसानं दुसरी केली, की काही घरांत ती दुसरी पहिलीच्या नावाचा चांदीचा टाक करून घेते. कुणी तो देव्हाऱ्यात पूजते, कुणी गळ्यात घालते. मेलेलीची दृष्ट लागू नये, तिनं आडवं येऊ नये, म्हणून. या चालीविरुद्ध मी कॉलेजात एक भाषण ठोकलं होतं, टाळ्याही मिळाल्या होत्या.

पोरीनं तो टाक बोटात धरला. "हे काय हाय?"

"ही तुझी आई," बाई म्हणाली.

"आन् तू कोण?"

"मी हिच्या मागनं आले."

पोर टाक सोडेना. उलटा करून बघितला, पुन्हा सुलटा केला. ती बाई तेवढा वेळ तशीच वाकून राहिली. पाठ भरून आली असणार, पण हलली नाही. मी जिला पेटीच्या तळाशी घातलं होतं, तिला या परक्या बाईनं गळ्यात बांधून आणलं होतं. अती शहाणा त्याचा बैल रिकामा, म्हणतात. मी खुर्चीवर बसून ते दृश्य बघितलं आणि मला कळलं की पोर गेली.

चहा होईतो पोर त्या बाईच्या मांडीवर बसली होती. निघायच्या वेळी कुणी काही न सांगता आपलं दप्तर घेऊन आली. साडूला संकोच झाला. "दादा, सुट्टीपुरती नेतो, मग बघू." सुट्टी अजून काही महिन्यांवर होती. बायकोनं पाट मांडला, त्या नव्या बाईला कुंकू लावलं, खणानारळानं तिची ओटी भरली. आणि मग पोरीला उचलून तिच्या पदरात ठेवलं. "आईनं माझ्या ओटीत घातली व्हती," म्हणाली, "मी आता तुझ्या घालते. केस वाढले की हिला उवा लवकर व्हत्यात, तेवढं बघ."

त्यांची जीप वळणापलीकडं जाईपर्यंत बायको उभी राहिली. मी कॉलेजात निघून गेलो आणि लॅबच्या मागच्या खोलीत, फुटक्या काचसामानाच्या कपाटाशी उभा राहून ओक्साबोक्शी रडलो. माझ्या डिटेक्टरना यात काही अवघड वाटलं नसतं. अर्धी गिरकी झाली, हात सुटले, आली होती तिकडंच गेली. कच्चं विखंडन. पण त्यातही तुकडे जसेच्या तसे परत जात नाहीत, थोडे कण अदलाबदल होतातच. आमची पहिली पोळी आजही चार तुकडे करूनच ताटात पडते, आणि खाणारं कुणी लहान घरात नाही.

पहिल्या वर्षी बायको दोनदा दौंडला जाऊन आली. दोन्ही वेळा पोर आतल्या खोलीत जाऊन बसली आणि रात्री तिला ताप भरला, असं साडूनं मागाहून कळवलं. "मला बघून ती घाबरी व्हती," बायको म्हणाली, "मी जायची न्हाई." तेव्हाही मी साडूला, पोरीला, कुणालाच खरं सांगितलं नाही. मग साडूची बदली झाली, काही वर्षं ते लांब होते. फोनवर खुशाली कळायची. पोर एकदाही आली नाही.

यंदा ती दहावीला आहे. साडू पुन्हा दौंडला आलाय. त्याचा फोन आला, "दादा, पोरीला सायन्सचा प्रोजेक्ट हाय. ते तुमचं अणूचंच घेतलंय तिनं. रविवारी येता का?" बायकोला म्हटलं, चल. ती म्हणाली, "माझे गुडघे धरल्यात. तुमी जा." गुडघे धरलेल्या बाईनं सकाळी उठून शेंगदाण्याचे लाडू वळले. मी निघताना पिशवी हातात देऊन म्हणाली, "तिला काय काय आठवतंय, ते विचारा. मला सांगा."

रेल्वेच्या क्वार्टरमध्ये पोरीनं स्वतः दार उघडलं. उंच झालीय, जाड चष्मा, लांब वेणी. "या काका," म्हणाली आणि बसायला खुर्ची दिली. टेबलावर तिनं पुठ्ठा, रंगीत चेंडू, गोंद सगळं मांडून ठेवलं होतं. मी शिकवायला लागलो. आणि काय सांगू, हुशार आहे पोर! वर्गात मला जन्मात मिळाली नाही अशी विद्यार्थिनी. मधेच तिनं विचारलं, "पण काका, डिटेक्टर दोन कशाला? एका तुकड्यावरून कळत न्हाई का?" मी म्हणालो, "न्हाई. एकच तुकडा धरला तर दुसऱ्याचं काय झालं ते आपण मनानं ठरवतो. आणि तिथंच चुकतो." तिनं ते वहीत लिहून घेतलं.

तिची आई, म्हणजे ती बाई, चहा ठेवून बाजारात गेली होती. साडू अजून ड्युटीवर होता. एवढी संधी पुन्हा मिळाली नसती. मी म्हणालो, "बाळा, एक सांगायचं राहिलंय. तुझ्या आईचा फोटो पेटीत मी घातला होता. मावशीनं न्हाई. तिनं उगीच आपल्यावर घेतलं. आणि जत्रेत ती म्हणसुद्धा मीच बोललो."

तिनं कात्री खाली ठेवली. घरातल्या मोठ्या माणसाला बरं नसलं की बघतात तसं माझ्याकडं बघितलं. "कुठला फोटो, काका?"

मी केंदूरचं सांगितलं, ओट्याचं, वेणीचं. पाबळच्या पंपाचं सांगितलं. ती लक्ष देऊन ऐकत होती, जसं मघाशी केंद्रकांचं ऐकत होती. मग ओशाळून म्हणाली, "मला शिरूरचं फारसं आठवत न्हाई. खूप लहान होते ना मी." मला वाईट वाटू नये म्हणून जरा आठवून बघितल्यासारखं केलं. "तुमच्याकडं एक पांढरं मांजर होतं ना? गुबगुबीत?"

आमच्याकडं मांजर कधीच नव्हतं. बायकोला मांजराच्या केसांनी दमा होतो.

"होतं," मी म्हणालो.

"हां, तेच!" तिला फार बरं वाटलं. निघताना पाया पडली, लाडू चाखून छान झालेत म्हणाली, मावशींना नमस्कार सांगा म्हणाली. मावशींना.

संध्याकाळी घरी पोचलो तेव्हा बायको पुढच्या पायरीवर बसली होती. चपलासुद्धा काढू दिल्या नाहीत. "काय काय आठवतंय म्हणाली?"

आणि मी सांगायला लागलो. म्हणालो, तिला आठवतंय, अंघोळीच्या वेळी अंगावर पाणी ओतत तू तिला खोटं खोटं नदीत कशी न्यायचीस ते. भिजवलेले हरभरे फ्रॉकच्या खिशात लपवायची आणि मुंग्या लागायच्या, ते आठवतंय. लस टोचायला नर्स आली की पिठाच्या डब्यामागं जाऊन बसायची, ते. शेजारच्या शेळीला ती 'बाई' म्हणायची, ते. एकेक आठवण मी माझ्यातली काढून तिच्या नावावर सांगत होतो. बायको एकेका गोष्टीला मान हलवत होती, तिचा चेहरा उजळत चालला होता, आणि मला थांबता येईना.

"आन् पेटीचं?" तिनं हळूच विचारलं.

"ते एक विसरली," मी म्हणालो. "बाकी समदं आठवतंय."

ती म्हणाली, "समदं आठवतंय, आन् राग बी न्हाई. मग एवढ्या वर्षांत एकदा तरी यायचं का न्हाई वो तिनं?"

पुन्हा मीच. तिच्या भल्यासाठी म्हणून पुन्हा मीच काहीतरी लपवलं होतं, आणि पुन्हा ते तिच्याच अंगावर आलं होतं. तेव्हा मी चपला काढल्या, तिच्या शेजारी पायरीवर बसलो आणि खरं ते सांगितलं. पोरीला काही आठवत नाही. मी कबुली दिली ती कशाची, तेही तिला कळलं नाही. तिला फक्त एक पांढरं मांजर आठवतं.

"आपल्याकडं मांजर कवा व्हतं?" बायको म्हणाली.

"नव्हतं."

तिनं पदर तोंडाशी धरला. मला वाटलं, आता ती मला बोलेल, इतक्या वर्षांचं सगळं बोलेल. ती म्हणाली, "मंजी ते पंपावरचंबी तिच्या मनात न्हाई आता. आई मेली ती माझ्यापायी, असं वाटत न्हाई तिला."

"न्हाई."

"मग बरं झालं," ती म्हणाली. "मला विसरली तरी बरं झालं." आणि असं म्हणून ती जी रडायला लागली, ती मी हात धरला तरी थांबली नाही.